माणिकला दिसलेलं पिवळं

“अहो, हे पिवळं आहे,” माणिक म्हणाली.

खोलीत अंधार होता. मायक्रोस्कोपच्या बुडाकडून फुटणारा जांभळट उजेड तेवढा तिच्या हनुवटीवर पडला होता. तिनं दिव्याचं शटर लावलं, खुर्चीवरून उठली आणि मला जागा दिली.

“लवकर बघावं लागतं. तुम्ही डोळे लावा, मग मी उघडते.”

मी डोळे लावले. तिनं शटर उघडलं.

काळ्याभोर अंधारात बारीक मण्यांची एक ओळ उमटली. पिकल्या लिंबाच्या सालीसारखी पिवळी. ओळ वळण घेत वर जात होती, मधे दुभंगत होती, पुन्हा एक होत होती. मी श्वास धरून ठेवला. वीस सेकंद गेले असतील. मग मणी फिके झाले, राखेच्या रंगाचे झाले आणि दिसेनासे झाले. त्यांच्या शेजारून जाणारे दोन-चार हिरवे धागे मात्र जागच्या जागी राहिले.

“दिसलं?”

“हिरवं आहे,” मी म्हणालो.

“हिरवं?”

“हिरवंच. फिल्टर नवा आहे. त्यानं तुला पिवळसर वाटून राहिलं.”

अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. शटर लावल्याचा आवाज आला. ती म्हणाली, “असेल. पुन्हा करून बघते.”

मला पिवळं दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं.

ही गोष्ट १९८१ची. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या एका संशोधन संस्थेत डॉ. वैरागडे यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात. एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा असतात, आणि कुठल्या वाटेवर कुठलं रसायन चालतं हे शोधणं हाच माझा धंदा होता. प्राणी आमच्या आवारातलाच, बागेतला सरडा. त्याचा मेंदू गोठवून वाळवायचा, फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत तासभर ठेवायचा, मेणात बसवून पातळ काप काढायचे आणि अतिनील दिव्याखाली बघायचे. मग ती रसायनं स्वतःच चमकतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन हिरवं चमकतं, सेरोटोनिन पिवळं. हिरवं बराच वेळ टिकतं. पिवळं त्याच दिव्याच्या उजेडानं मिनिटभराच्या आत विझून जातं, आणि एकदा विझलं की त्या कापात पुन्हा पेटत नाही.

सरड्याच्या मेंदूच्या देठातून वर जाणारी एक बारीक वाट मी चार वर्षं धरून बसलो होतो. ती हिरवी आहे, असं मी दोन शोधनिबंधांत छापलं होतं. माझ्या प्रबंधाच्या नावातच नॉरअ‍ॅड्रेनलिन हा शब्द होता. प्रबंध पुढच्या दोन महिन्यांत द्यायचा होता आणि संस्थेत व्याख्यात्याची एक जागा निघायची होती. ती माझीच, असं सगळे धरून चालले होते. मी तर सर्वांत जास्त.

माणिकला तिथं मीच आणलं. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. ती अमरावतीची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. नागपुरात आल्यावर मुलींच्या एका शाळेत शिकवत होती. सरांना काप काढायला मदतनीस हवा होता, तेव्हा मीच म्हणालो, “सर, माझी मिसेस आहे.” काप काढायच्या यंत्राच्या, मायक्रोटोमच्या, पात्यावरून निघणारी मेणाची नाजूक पट्टी ब्रशनं कशी उचलायची, काचेवर कशी टेकवायची, हे मी तिच्या मागे उभा राहून, तिचा हात हातात धरून शिकवलं. ते दिवस फार सुखाचे होते.

महिनाभरात तिच्या पट्ट्या तुटेनाशा झाल्या. एक दिवस सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. पात्यावरून हातभर लांब पट्टी सलग निघत होती.

“काय हो उमाळकर,” सर हसत म्हणाले, “तुमची चार वर्षं झाली, पण अशी एक पट्टी नाही निघाली तुमच्या हातून.”

मी पण हसलो. त्या दिवशी घरी जेवताना मी तिला म्हटलं, वरणात मीठ नाही. मीठ होतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. छोटं छोटं असायचं. सर बोलताना आधी तिच्याकडे बघायचे की माझ्याकडे, ते मी मोजायला लागलो. ती काम करताना गुणगुणायची, ते मला खपेनासं झालं. तिच्या हातून काचपट्टी फुटली तर मला बरं वाटायचं आणि मग मी तिची समजूत काढायचो.

पिवळं तिला योगायोगानं दिसलं नव्हतं. काचपट्टी सरकवताना उजेडाच्या कडेला कसलीशी झाक क्षणभर येते आणि जाते, हे तिच्या लक्षात आलं होतं. चार वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दिवा लावायचो, नीट फोकस करायचो, हवी ती जागा मधे आणायचो, आणि तोवर जे विझायचं ते विझून गेलेलं असायचं. उरायचे ते शेजारचे हिरवे धागे, आणि तीच माझी वाट असं मी धरून चाललो होतो. तिनं साध्या उजेडात शेजारच्या कापावर फोकस केला, दिव्याचं शटर बंद ठेवून हवा तो काप मधे आणला आणि मग उघडलं. त्याआधी सेरोटोनिन मेंदूत साठून राहावं म्हणून सरड्यांना एक औषधही टोचलं होतं. त्या औषधाच्या मागणीपत्रावर सही माझी होती. वाचलं नव्हतं मी ते.

पुढच्या तीन आठवड्यांत तिनं आणखी दोन सरड्यांचे मेंदू केले. दोन्ही वेळा आधी मला बोलावलं. दोन्ही वेळा मी डोळे लावले, लिंबाच्या सालीसारखी ओळ पाहिली आणि म्हणालो, “हिरवं.”

तिसऱ्या खेपेला ती माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली.

“अहो, एक विचारू? रागवू नका. आमच्या धाकट्या मामांना पिवळं-हिरवं एकच दिसते. त्यांना चाळिशीपर्यंत माहीतच नव्हतं. एकदा डोळे तपासून घ्यायचे का?”

ती खरोखर काळजीनं विचारत होती. मला एक दार उघडून देत होती, हे आज कळतं. डॉक्टरकडे गेलो असतो, खोटंच काही बोललो असतो, तरी निभावलं असतं.

“माझे डोळे ठीक आहेत,” मी म्हणालो. “तू तुझे तपास.”

“मग सरांना दाखवू?”

“दाखव की. मी कुठे अडवून राहिलो?”

“नाही,” ती म्हणाली. “आधी तुम्ही म्हणा. मग सरांकडे जाऊ.”

मी म्हणालो नाही, आणि ती गेली नाही. पण रंगीत फिल्म मागवता येईल का, असं तिनं सरांना एकदा विचारलं होतं. आमच्याकडे तेव्हा फक्त काळी-पांढरी फिल्म असायची. सर चार वाजताच्या चहाला माझ्या टेबलापाशी थांबले.

“उमाळकर, मिसेस काय पिवळं-पिवळं म्हणून राहिल्या?”

“नवख्या आहेत सर. अजून डोळा बसला नाही.”

“नवखा डोळा कधी कधी बरा असतो हो.” सरांनी बशीतला चहा संपवला. “गुरुवारी अकराला बघतो मी. सांगा त्यांना.”

बुधवारी संध्याकाळी माणिकनं सगळं लावून ठेवलं. तिन्ही मेंदूंमधला सर्वांत चांगला काप तिनं निवडला, मायक्रोस्कोपवर चढवला, शटर बंद केलं, वर कापडाची खोळ घातली आणि खोळीवर टाचणीनं एक चिठ्ठी लावली. ‘कृपया हात लावू नये. मा. उमाळकर.’ घरी आल्यावर ती सारखी उठत-बसत होती. “सरांना चष्मा काढून बघायची सवय आहे ना? मग फोकस जरा बदलावा लागेल,” असं मला दोनदा विचारून झालं.

गुरुवारी मी तिला म्हटलं, “मला आधी लायब्ररीत जायचं आहे. तू ये मागून.”

पावणेदहाला मी अंधाऱ्या खोलीत होतो. दार आतून लावलं. खोळ काढली. दिवा लावला, तो पूर्ण तापेपर्यंत थांबलो आणि शटर उघडलं.

आधीच्या तिन्ही वेळा माणिक शेजारी होती. डोळे लावलेले असायचे, पण तिला काय म्हणायचं याकडेच माझं लक्ष असायचं. या वेळी मी एकटा होतो आणि मला घाई नव्हती. ती वाट मी तळापासून वरपर्यंत पाहिली. प्रत्येक मणी वेगळा दिसत होता. माझी चार वर्षं त्या वाटेवर गेली होती आणि ती मला पहिल्यांदा नीट दिसत होती. इतकं सुंदर काही मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. मी ते विझेपर्यंत पाहिलं. मग काचपट्टी सरकवून शेजारचे काप मधे आणले, एकेक करून तेही विझवले. शटर लावलं, दिवा बंद केला, पहिला काप पुन्हा जागेवर आणला, खोळ घातली आणि चिठ्ठी त्याच टाचणीनं त्याच भोकांत लावली.

लायब्ररीत जाऊन बसलो तेव्हा साडेदहा होत आले होते. समोर एक मासिक उघडून ठेवलं.

अकराला सर आले. माणिकनं खोळ काढली, दिव्याचं बटण दाबलं. दिवा पेटला नाही. तिनं पुन्हा दाबलं. आतून नुसतं चर्र झालं.

हा पाऱ्याचा दिवा गरम असताना पेटत नाही. बंद केला की निवायला चांगला पाऊण तास लागतो. हे मला माहीत होतं आणि माणिकला माहीत होतं. सर जुन्या वळणाचे, चांदीच्या क्षारांनी मेंदू रंगवणारे. या दिव्याशी त्यांचा कधी फारसा संबंध आला नव्हता.

“व्होल्टेज नसेल, सर,” मी म्हणालो. “एप्रिल आहे. साऱ्या नागपुरात कूलर सुरू झाले.”

“थांबू या मग,” म्हणत सर स्टुलावर बसले.

माणिक मायक्रोस्कोपच्या मागे गेली. दिव्याच्या लोखंडी डब्यावर तिनं तळहात टेकवला आणि झटकन उचलला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीचा माणूस भलत्याच गावात दिसावा तसं पाहिलं. मग नजर खाली घातली आणि पदरानं हात पुसत उभी राहिली.

काही वेळानं दिवा पेटला. सरांनी चष्मा काढला, डोळे लावले, तिनं शटर उघडलं. सर बराच वेळ बघत राहिले.

“हिरवं आहे थोडं. हे इकडे.” ते म्हणाले. “पिवळं नाही दिसत मला, बाई.”

बाजूच्या पेटीत दुसऱ्या दोन मेंदूंच्या काचपट्ट्या होत्या. तिला फक्त हात लांब करायचा होता. मी त्या पेटीकडे बघत होतो.

“माझी चूक झाली असेल, सर,” माणिक म्हणाली.

“होते असं. डोळे फसवतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.” सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि गेले.

त्या रात्री तिनं भात-पिठलं केलं. मला वाढलं, स्वतःला घेतलं. भांडेल, रडेल, ताट सरकवेल, याची मी वाट पाहत होतो. तिनं काहीच केलं नाही. शेवटी मीच म्हणालो,

“पेटीत दुसऱ्या स्लाइडी होत्या.”

“होत्या.”

“मग दाखवल्या का नाहीस?”

“सरांनी पाहिलं असतं, खरं आहे म्हणाले असते. मग सकाळी दिवा कोणी तापवला, हेही निघालं असतं.” तिनं भातावर पिठलं घेतलं. “मग घरी येऊन तुमच्यासोबत असं जेवायचं कसं, ते मला कळेना.”

मी घास हातात धरून बसलो.

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “जमेल तेव्हा.”

एवढंच. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. अंधाऱ्या खोलीतही गेली नाही. इतरांचे काप काढायची, पाच वाजता घरी यायची.

मे महिन्यात प्रबंध टाइप करायचा होता. तिला टायपिंग येत होतं. तिनं तिच्या भावाचं मशीन मागून आणलं आणि कूलरसमोर बसून रोज दहा-बारा पानं काढू लागली. मला वाटलं, झालं, मिटलं. बायकांचा राग किती दिवस राहणार, असं काहीतरी मूर्खासारखं मी मनात म्हटलं.

एकशे अडतीस पानं तिनं माझ्यासमोर ठेवली. एकही खाडाखोड नव्हती. मी चाळायला लागलो. तिसऱ्या पानावर एका वाक्यात मधे मोकळी जागा होती. सातव्या पानावर तशीच. मुखपृष्ठावर, प्रबंधाच्या नावातसुद्धा. जिथे जिथे त्या वाटेच्या रसायनाचं नाव यायचं होतं, तिथे तिथे तिनं बरोबर त्या शब्दाएवढी जागा सोडली होती. अशा तेवीस जागा होत्या.

“हे काय?”

“बाकी सगळं मी टाइप केलं,” ती म्हणाली. “तेवढा शब्द तुम्ही हातानं लिहा.”

पेन माझ्या खिशातच होतं. मी टोपण काढलं, मुखपृष्ठ समोर घेतलं आणि बसलो. ती स्वयंपाकघरात गेली. पोळ्या लाटायचा आवाज येत राहिला, थांबला, जेवणं झाली, तरी मी पहिलं अक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. चांगला माणूस होतो म्हणून नव्हे. माझ्या अक्षरातला तो शब्द तिला तेवीस वेळा दिसेल, हे सहन होईना.

मी प्रबंध दिला नाही. सरांना सांगितलं, एक प्रयोग राहिला आहे. जूनपासून डिसेंबरपर्यंत मी एकट्यानं सरड्यांचे तीन गट केले. एका गटाला सेरोटोनिन तयारच होऊ न देणारं औषध दिलं, दुसऱ्याला नॉरअ‍ॅड्रेनलिन रिकामं करणारं, तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. पहिल्या गटात ती वाट काळीठिक्कर, जणू नव्हतीच. दुसऱ्या गटात शेजारचे हिरवे धागे गेले, पण वाट जशीच्या तशी पिवळी. शंकेला जागा उरली नाही.

जानेवारीत मी सरांच्या खोलीत गेलो. आज सगळं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो.

“सर, माणिक म्हणत होती ते खरं होतं. वाट पिवळी आहे. माझे दोन्ही निबंध चुकीचे आहेत.”

सर उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

“याला मोठं मन लागते, उमाळकर,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “स्वतःचं चार वर्षांचं काम स्वतःच्या हातानं खोटं ठरवायचं, तेही बायकोसाठी. मी नसतो करू शकलो.”

पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं.

निबंध लिहिला गेला. माणिकचं नाव पहिलं, माझं दुसरं, सरांचं शेवटचं. ते मीच सुचवलं, आणि त्याचीही संस्थेत वाहवा झाली. व्याख्यात्याची जागा मधल्या काळात दुसऱ्याला गेली होती, त्यामुळे माझा त्याग आणखीच मोठा दिसू लागला. लोक मला थांबवून हात मिळवायचे. घरी आलो की माणिक विचारायची, “सरांशी बोललात?” पहिले दोन महिने तिनं विचारलं. नंतर तेही सोडलं.

छापील प्रतींचं पुडकं आलं तेव्हा मी एकटाच घरी होतो. एक प्रत काढली. तिच्या नावावर अंगठा ठेवून पाहिला, की माझं नाव एकटं कसं दिसलं असतं. सगळं जग मला उदार म्हणत होतं आणि मी अंगठा ठेवून बघत होतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंगळुरूला परिषद होती. माणिकला बारा मिनिटं बोलायचं होतं, तेही इंग्रजीत. महिनाभर मी तिच्याकडून ते घोकून घेतलं. तिच्या चुका काढायला मला आवडत होतं. पण तिथे ती उभी राहिली आणि एकही चूक झाली नाही. बोलताना तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. पडद्यावर नव्यानं मागवलेल्या रंगीत फिल्मवरची पिवळी वाट आली, तेव्हा सभागृहात मागेपर्यंत एक कुजबुज गेली. मी सातव्या ओळीत बसलो होतो. आनंद झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. मी जळत होतो. ती कुजबुज माझी असायला हवी होती, एवढंच मला वाटत होतं.

प्रश्नांची वेळ आली. हैदराबादच्या एक वयस्क प्राध्यापिका उभ्या राहिल्या.

“याच प्रयोगशाळेतून आधी दोन निबंध आले आहेत. त्यांत ही वाट हिरवी म्हटली आहे. चार वर्षं हे पिवळं तिथं कोणालाच दिसलं नाही का?”

माणिकपाशी तयार उत्तर होतं. रंग लवकर विझतो, पूर्वी पद्धत वेगळी होती. महिनाभर आम्ही तेच घोकलं होतं. ती क्षणभर थांबली.

“ते काम श्री. उमाळकरांचं आहे,” ती म्हणाली. “ते इथेच आहेत. तेच सांगतील.”

डोकी वळली. सर माझ्या पुढे दोन ओळी सोडून बसले होते. तेही वळले आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मी उभा राहिलो. तेच घोकलेलं उत्तर द्यायचं, हे माझंही ठरलं होतं. पहिले दोन शब्द मी बोललोही. तेवढ्यात माझं लक्ष व्यासपीठाकडे गेलं. माणिक माझ्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून कागद आवरत होती. मी काय बोलणार, हे ऐकायची तिला गरजच उरली नव्हती, असं मला वाटलं.

“दिसलं होतं,” मी म्हणालो. “मला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी. तिनं तीनदा दाखवलं आणि मी तिन्ही वेळा हिरवं म्हणालो. आमच्या सरांना ती दाखवणार होती, त्या सकाळी मी आधी जाऊन शटर उघडं ठेवलं आणि तिचा काप विझवला.”

मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, आभार मानले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्या अंगावरून गेले. दोन पावलं पुढे जाऊन थांबले, पण वळले नाहीत.

“उमाळकर, परतीचं माझं तिकीट वेगळ्या डब्याचं करून घ्या,” ते म्हणाले.

आठ महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर बोलले ते कागदावर सही करण्यापुरतं. पदवी मिळाली. मी यवतमाळच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. संशोधन पुन्हा केलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं अतिथिगृहाच्या खानावळीत समोरासमोर बसलो होतो. इडल्या निवून गेल्या होत्या.

“तुम्ही ते पाठ केलेलंच सांगाल, असं वाटलं होतं मला,” माणिक म्हणाली.

“सांगणारच होतो. तू कागद आवरत होतीस. मला वाटलं, माझ्याकडून आता तुला काहीच नको आहे.”

“पुढच्या माणसाला टेबल मोकळं करून द्यायचं होतं, म्हणून आवरून राहिले होते,” ती म्हणाली आणि हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मग हसता हसताच तिचे डोळे भरले.

“तुम्हाला काय वाटते, मी कशाची वाट पाहत होते? सरांना कळावं म्हणून? माझं नाव पुढे यावं म्हणून?”

“मग?”

“पहिल्यांदा दिसलं तेव्हा खोलीत मी एकटी होते. असं कधी पाहिलं नव्हतं हो मी. सर आठ पावलांवर बसले होते. मी धावत तुमच्याकडे आले, दोन जिने चढून. तुमच्यासोबत पाहायचं होतं मला ते.” तिनं पदरानं डोळे पुसले. “तुम्ही तीनदा शेजारी बसून पाहिलंत आणि तीनदा मला त्या खोलीत एकटीला ठेवलंत. नॉरअ‍ॅड्रेनलिन की सेरोटोनिन, ते काय, कधी ना कधी कोणीतरी काढलंच असतं.”

“फार सुंदर होतं,” मी म्हणालो. “त्या सकाळी मी शेवटपर्यंत पाहिलं. फार सुंदर होतं, माणिक.”

तिनं मान हलवली. मग निवलेली इडली माझ्याकडे सरकवली आणि आम्ही जेवलो.

हेवा तिथं संपला, असं नाही. तिला पुढे मोठी पदं मिळाली, तिचे विद्यार्थी देशोदेशी गेले, आणि दर वेळी मी तसाच जळत आलो. फरक एवढाच की आता मी तिला ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका विद्यापीठानं तिचा सत्कार केला. परत येताना गाडीत मी म्हटलं, “आज पुन्हा झालं.”

“केव्हा?”

“कुलगुरूंनी शाल पांघरली तेव्हा.”

“खूप?”

“बरंच.”

तिनं पिशवीतून ती शाल काढली, घडी मोडली आणि माझ्या अंगावर टाकली.

“घ्या,” ती म्हणाली. “काच बंद होत नाही तुमच्या बाजूची. थंडी वाजून राहिली असेल.”

वाजत होतीच. मी शाल कानापर्यंत ओढून घेतली.